बोटाखालचं तेल

"इंजिन चालूच ठेव. आन् बोलू नको," आप्पा ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला आणि त्यानं उजव्या हाताची पहिली दोन बोटं रबरी पाइपावर ठेवली.

ट्रॅक्टरवाल्याचं तोंड थांबेना. काल बरा होता, आज ट्रॉली उचलत नाही, शोरूमवाला म्हणतो पंप गेला, नवीनच टाका. मी हातातला पाना त्याच्या बोनेटवर आपटला. मग थांबलं.

"ही कोण?"

"ल्येक हाय माझी. बोलू नको म्हणलं ना."

आप्पानं डोळे मिटले. गाभण मेंढीच्या पोटावर हात ठेवून आत कोकरू आडवं आहे का सरळ ते सांगणारी माणसं आमच्यात असतात. तसाच दिसत होता तो.

"पंप बरा हाय," तो म्हणाला. "तेल फिरतंय, पर वाटंत वारं गिळतंय. टाकीकडची क्लिप ढिली असंल. छकुले, दहाचा पाना."

क्लिप ढिलीच होती. मी आवळली. ट्रॅक्टरवाल्यानं लिव्हर ओढला आणि ट्रॉली कुरकुरत वर गेली.

"तात्या, तुमच्या बोटात मशीन हाय राव."

"मशीन तुझं हाय," आप्पा म्हणाला. "माझी नुसती बोटं."

आमचं दुकान सणसरला, कालव्याच्या कडेला. चार खांब, वर पत्रा, खाली तेलानं काळी पडलेली माती. त्या मातीत गवतसुद्धा उगवत नाही. ‘गेणू हायड्रोलिक’ अशी पाटी मीच रंगवली. आप्पाला ती वाचता येत नाही. रंग चांगला लागलाय, एवढंच म्हणाला होता.

मला वाचता येतं, पण दहावीत मी शाळा सोडली. सोडली म्हणजे एका सरांच्या अंगावर जेवणाचा डबा फेकला आणि परत गेले नाही. सर म्हणाले होते, तुम्हाला शेवटी मेंढरंच वळायची, बीजगणित काय करायचंय. डब्यात पिठलं होतं. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ते कसं ओघळलं ते मला अजून आठवतं आणि अजून बरं वाटतं. पण आप्पाला बरं वाटलं नाही. दर आठवड्याला एकदा तरी तो म्हणायचा, "छकुले, सतरा नंबरचा फॉर्म भर. भायरनं परीक्षा देता येती." कुठून ऐकून आला होता देव जाणे. मी म्हणायचे, "बघू." तो म्हणायचा, "बघू बघू करत म्हातारी हुशील."

शाळेत माझं नाव रोहिणी होतं. सतरा वर्षांची झाले तरी घरात छकुलीच.

आप्पाला तेलाच्या तीन जाती माहीत होत्या. कुणी शिकवल्या नव्हत्या. माझा आजा मेंढरं राखायचा आणि आप्पा पण तेरा वर्षांचा होईपर्यंत कळपामागंच होता, म्हणून जे काही त्याला कळायचं ते मेंढरांवरून कळायचं.

पहिली जात, चालता कळप. ट्रॅक्टर, ट्रॉली, जुनी लोडरं. इंजिन चालू आहे तोवर तेल फिरत राहतं, काम असो नसो. टाकीतून निघतं, टाकीत परत येतं. पाइप कोमट लागतो आणि बोटाला बारीक थरथर लागते. लोक ह्याला ओपन म्हणतात.

दुसरी, वाघरीतला कळप. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. काम नसलं की तेल जागेवर उभं राहतं, जाळीला रेटा देऊन. वॉल्व्ह उघडला की सगळं एकदम बाहेर. पाइप हाडासारखा कडक, थरथर नाही. हे क्लोज.

तिसरी मेंढरांची नाही, बैलाची. घाण्याचा बैल. पंपापासून चाकाच्या मोटारीपर्यंत आणि तिथून परत पंपाला, मधे टाकी नाहीच. रोड रोलरला असते तशी.

"जात कुठलीबी असूं दे," आप्पा म्हणायचा, "इंजिन बंद झालं की तेल मरतं." म्हणून त्याची एक रीत होती. आधी इंजिन बंद करायला लावायचा. मग ड्रायव्हरला सांगायचा, लिव्हर एकदा म्होरं-मागं कर. त्या वेळी ह्याची दोन बोटं पाइपावर. पाइप ढिला पडला की म्हणायचा, "मेलं." मगच पाना लावायचा. तीस वर्षं असंच केलं. त्याच्या हाताला कधी ओरखडा नाही.

पण दोन-तीन सीझनपासून ऊसतोडीची मशीनं आली. एक मशीन दिवसभरात आख्खं रान साफ करतं. तोडणारी माणसं कमी झाली, त्यांचे गाडीवान कमी झाले. मशीन बिघडलं की कंपनीचा माणूस पुण्याहून येतो, लॅपटॉप लावतो. ट्रॅक्टरसुद्धा नवे आले, ते शोरूमलाच जातात. आमच्याकडं दिवसाला एखादा यायचा, तो पण शोरूमवाल्यानं आकडा सांगितल्यावर. आप्पा मोकळा बसून कालव्याचं पाणी बघायचा. आई, म्हणजे साखरबाई, एकदा म्हणाली, "सुरक्षारक्षकाची भरती निगालीया कारखान्यात." आप्पा जेवणावरून उठून गेला.

म्हणून त्या सकाळी भिमा मोटारसायकलवर आला तेव्हा आप्पा उभाच राहिला.

भिमा अंथुर्ण्याच्या इंद्रजितरावांच्या मशीनवर ड्रायव्हर. इंद्रजितरावांनी कर्नाटकातून जुनं हार्वेस्टर आणलं होतं, त्या दिवाळीत.

"तात्या, मशीन उसातच हुबं राह्यलंय," भिमा म्हणाला. "खालचं कटर वर-खाली हुईना, पाइपातनं तेल गळतंय. कंपनीचा माणूस परवा येतो म्हणतुय. मालक म्हणलं, गेणूतात्याला आणा. चालू करून दिलं तर सीझनभर मशीन त्यांच्याच हातात."

"सीझनभर?"

"म्हंजी मार्चपतुर. आन् मालक दुसरं बी आणणार हायेत."

आप्पानं साबणानं हात धुतले. मशीनला हात लावायच्या आधी हात धुणारा मेकॅनिक मी पहिल्यांदाच बघितला. मग घरातून धुतलेला शर्ट आणायला लावला. मला हसायला आलं, पण मी हसले नाही. ह्या एका मशीनची जात त्याला ओळखता आली तर तो टिकणार होता. नाहीतर कारखान्याच्या गेटवर शिट्टी. हे त्याला माहीत होतं, मला पण.

तिघं एका मोटारसायकलवर गेलो. भिमा, आप्पा आणि मागं मी, मांडीवर पान्यांची पेटी.

मशीन अर्ध्या तोडलेल्या उसात उभं होतं. घराएवढं. समोर दोन मोठे स्क्रू, माणसाच्या उंचीचे, उसाला उभं करून आत ओढणारे. बाजूला इंद्रजितराव. तिशीचे असतील, गॉगल, कानाला फोन. फोनवरच बोलता बोलता त्यांनी आप्पाला हात केला.

"या गेणूतात्या. बघा ओळखतंय का. नवीन पिढीचं हाय हे."

"चालू करायला सांगा," आप्पा म्हणाला.

भिमानं इंजिन चालू केलं. आप्पा मशीनभोवती फिरला. एकेका पाइपावर बोटं ठेवत गेला. चाकांपाशी थांबला. "घाण्याचा बैल," पुटपुटला. वरच्या कटरच्या पाइपावर, "चालता कळप." मग खाली वाकून कटर उचलणाऱ्या जॅकच्या पाइपावर बोटं ठेवली. तिथं बराच वेळ ठेवली.

"ह्याच्या पोटात तिन्ही जाती हायेत, इंद्रजितराव," तो उठून म्हणाला. त्याचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा झाला होता. "चाकं एक, वरचं कटर एक, खालचं कटर क्लोज. हितला पाइप चिरलाय. दिसत न्हाय, पर बारीक चीर हाय. बदलावा लागंल."

इंद्रजितरावांनी गॉगल वर केला. "कंपनीच्या माणसाला एवढं सांगायला अर्धा दिवस लागला असता. बदला."

मी तोवर मशीनखाली डोकं घातलं होतं. माझी नजर कुठं पण जाते, आई म्हणते घार आहे ही. कटरच्या पाइपाजवळ एक काळा गोळा होता, नारळाएवढा, लोखंडी. आमच्या दुकानात आलेल्या कुठल्याच मशीनला असला गोळा मी बघितला नव्हता. त्याच्या शेजारी पिवळा स्टिकर. स्टिकरवर त्रिकोण, त्रिकोणात हाताचं चित्र आणि पाइपातून निघून हातात घुसलेली एक रेघ.

"ए आप्पा, ह्यो गोळा कसला?"

आप्पा वाकला. "असंल कायतरी. फिल्टरबिल्टर."

"शेजारी लिवलंय कायतरी."

"मग वाच की!" आणि तो इंद्रजितरावांकडं वळला. आज त्याला बोलायचं होतं, सगळ्यांना सगळं सांगायचं होतं. "पोरीला वाचाय येतं. इंग्लिशबी. पर शाळा म्हणलं की आंगावर येती. म्हणलं सतरा नंबरचा फॉर्म भर, घरात बसून परीक्षा दे—"

"हिला फॉर्म कशाला तात्या, वेसण घाला," भिमा वरून म्हणाला आणि हसला. इंद्रजितराव पण हसले.

माझे कान तापले. वाटलं, पाना फेकावा भिमाच्या तोंडावर. पण सगळे माझ्याकडं बघत होते.

"वाच छकुले. मोठ्यानं वाच."

स्टिकरवर तीन ओळी होत्या. स्टॉप इंजिन. हे मला झटक्यात कळलं. पुढच्या ओळीत एक शब्द होता, उसाच्या कांड्यांसारखा लांब, अकरा अक्षरांचा. मी मनात एकदा जुळवून बघितला, जुळला नाही. दुसऱ्यांदा सुरुवात केली तेवढ्यात भिमा म्हणाला, "काय गं, रातच्याला सांगणार हाय का?"

"इंजिन बंद करून मग काम करा," मी म्हणाले. "असं लिवलंय."

"एवढंच?" इंद्रजितराव फोनकडं बघत म्हणाले.

"एवढंच."

आप्पानं दोन्ही हात पसरले. "बगा! कंपनीबी त्येच म्हणती. मी तीस वर्षं दुसरं काय सांगतुय? भिमा, बंद कर."

इंजिन बंद झालं. एवढं मोठं मशीन बंद पडलं की उसातली पाखरं ऐकू यायला लागतात. आप्पा गुडघ्यावर बसला, पाइपावर जिथं तेलाचा घाम होता तिथं दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

"लिव्हर म्होरं-मागं कर."

भिमानं लिव्हर हलवला.

आप्पा ओरडला नाही. त्यानं डोळे उघडले, हात मागं घेतला आणि बोटांकडं बघितलं. मी पण बघितलं. पहिल्या बोटाच्या पेरावर एक ठिपका. सुईनं टोचल्यावर पडतो तेवढा. रक्त नव्हतं.

"जित्तं हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुखणं नव्हतं, नवल होतं. "छकुले, इंजिन बंद हाय आन् तेल जित्तं हाय."

"लागलं का?"

"काटा टोचल्यावानी. आसं कसं पर? कुणी ढकललं?"

तो त्या काळ्या गोळ्याकडं बघत राहिला. मग त्यानं भिमाला लिव्हर पुन्हा पुन्हा हलवायला लावला, लांब उभा राहून, पाइप ढिला पडेपर्यंत. मग पाइप काढला. नवा बसवला. पाना त्यानं डाव्या हातात घेतला होता. उजव्याची ती दोन बोटं तो मधूनमधून मांडीवर घासत होता, मुंग्या आल्यावर घासतात तशी.

बाराच्या आत मशीन चालू झालं. कटर लोण्यासारखं खाली गेलं, वर आलं. इंद्रजितरावांनी आप्पाच्या पाठीवर थाप मारली. "गेणूतात्या, सीझन तुमचा."

आप्पा हसला. मी त्याला त्याआधी किंवा त्यानंतर तसं हसताना बघितलं नाही.

परत येताना मीच म्हणाले, दवाखान्यात जाऊ. गावातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. आप्पा म्हणाला, "वायर टोचली." तेल म्हणालाच नाही. मी बोलायला गेले तर त्यानं माझा पाय दाबला. मशीननं माणूस जखमी केला असं गावात झालं तर इंद्रजितरावांचं नाव खराब होईल, सीझन जाईल, असं त्याला वाटलं असणार. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. वायर टोचल्यावर जे करतात ते त्यांनी बरोबर केलं.

घरी आल्यावर आप्पानं आईला सांगितलं, "सीझन मिळाला." मग हळूच, "हात जड वाटतुय जरा."

सकाळी तो हात राहिला नव्हता. कोपरापर्यंत सुजून चकचकीत झाला होता. पहिलं बोट निळं, दुसरं पांढरं. आई हळद लावायला गेली तर त्या ठिपक्यातून पाणी यावं तसा थेंब आला आणि त्याला हायड्रोलिकच्या तेलाचा वास आला. आईनं बोटाला बोट लावून वास घेतला आणि ती खाली बसली.

बारामतीला नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी हात उचलून धरला.

"मामा, कधी झालं हे?"

"काल," मी म्हणाले. "अकराच्या सुमाराला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. नऊ वाजले होते.

"काय टोचलं होतं?"

मी सांगितलं. पाइप, तेल, सगळं. ह्या वेळी आप्पानं पाय दाबला नाही.

"हे टोचणं नसतं," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन असतं. तेल बोटातून आत घुसलंय, तळहातात पसरलंय. बाहेरून काही दिसत नाही, दुखत पण नाही सुरुवातीला. म्हणून माणसं घरी जातात." मग आईकडं बघून म्हणाल्या, "कालच आणायला हवं होतं."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं.

ऑपरेशनचा कागद इंग्लिशमध्ये होता. आईचा अंगठा लागणार होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाचून घ्या. मी एकेक शब्द विचारला. हा काय, हा काय, हा म्हणजे काय. बाई कंटाळल्या, नर्स दारात उभी राहून घड्याळ बघत होती. तरी मी विचारत गेले. एक शब्द पण सोडला नाही. चौथ्या ओळीत बोटं काढावी लागतील असं लिहिलं होतं.

पहिल्या ऑपरेशनला हात उघडून धुतला. दुसऱ्याला दोन बोटं काढली, पहिलं आणि मधलं. त्याची तीच. तिसरं वाचलं, पण काठीसारखं. वाकत नाही.

चौथ्या दिवशी इंद्रजितराव आले. हातात केळी, बरोबर कंपनीचा माणूस. तो माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर टेकून त्यानं आप्पाला नीट समजावलं. त्या गोळ्यात गॅस भरलेला असतो, दाबून. इंजिन चालू असताना तेल त्याच्यात कोंडलं जातं. इंजिन बंद केलं तरी गॅस तेलाला ढकलत राहतो. तुम्ही लिव्हर हलवला, त्याला वाट मिळाली. आधी तो गोळा रिकामा करायचा असतो. त्याला बारीक नट आहे.

आप्पा लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत. "म्हंजी चौथी जात," तो म्हणाला.

"अं?"

"न्हाय, काय न्हाय. सांगा तुमी."

"तिथं स्टिकर आहे, काका," तो माणूस म्हणाला आणि त्यानं फोनवर फोटो काढून दाखवला. पिवळा. त्रिकोण. हात आणि रेघ. अकरा अक्षरं. "इंजिन बंद करा आणि मग हा अ‍ॅक्युम्युलेटर रिकामा करा, असं स्पष्ट लिहिलंय. कुणी वाचलं नाही का?"

वॉर्डात पंखा फिरत होता. मी तोंड उघडलं.

"वाचलं की," आप्पा म्हणाला. "माझ्या पोरीनं समदं वाचून दावलं. गोळा रिकामा करा, म्हणली. मीच ऐकलं न्हाय. तीस वर्षाची खोड, दुसरं काय."

इंद्रजितरावांनी माझ्याकडं बघितलं. ते तिथंच उभे होते त्या दिवशी. "एवढंच?" त्यांनीच विचारलं होतं. मग त्यांनी केळी टेबलावर ठेवली आणि ते उठले.

ते गेल्यावर मी म्हणाले, "आप्पा, मी त्या दिवशी—"

"पाणी दे," आप्पा म्हणाला.

मी पाणी दिलं. त्यानं डाव्या हातानं घेतलं, अर्धं अंगावर सांडलं. मी पुसायला गेले. "ऱ्हाऊ दे," म्हणाला.

त्यानंतर सतरा नंबरच्या फॉर्मचं नाव त्यानं काढलं नाही. एकदाही नाही. मी दोन वेळा स्वतःहून विषय काढला. पहिल्या वेळी म्हणाला, "बघू." दुसऱ्या वेळी ऐकलंच नाही असं केलं. आधी मी त्याच्या त्या बोलण्यानं चिडायचे. आता न बोलण्यानं चिडायला पण येत नाही.

घरी आल्यावर आठ दिवसांनी दुकानात एक ट्रॅक्टर आला. तोच, बोलका. आप्पा उठला, सवयीनं उजवा हात पाइपाकडं नेला. पट्टी पाइपाला लागली तेव्हा थांबला. मग डावा हात ठेवला. डोळे मिटले. ट्रॅक्टरवाला ह्या वेळी न सांगता गप्प होता.

"डाव्याला ह्यातलं काय म्हाईत न्हाय," आप्पा थोड्या वेळानं म्हणाला. दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. मग मला म्हणाला, "तू ठेव."

मी माझी दोन बोटं ठेवली.

"काय लागतंय?"

"थरथर."

"कसली?"

मी डोळे गच्च मिटले. पाइप गरम होता, आत काहीतरी पळत होतं. मला वारं कळलं नाही, वाट कळली नाही, काहीच कळलं नाही. खोटं बोलता आलं असतं. टाकीकडची क्लिप बघू, म्हणता आलं असतं.

"नुसती थरथर," मी म्हणाले.

आप्पानं मान हलवली. "जावा तुमी शोरूमला," तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला. "चांगली मानसं हायेत थितं."

दुकानाचे पत्रे आम्ही काढून आणले. ‘गेणू हायड्रोलिक’ पाटी आईनं शेळीच्या गोठ्याच्या दाराला लावली, अक्षरं आतल्या बाजूला. बाहेर रंग निघाला असता म्हणून, असं म्हणाली.

इंद्रजितरावांनी शब्द पाळला, त्यांच्या परीनं. सीझन आप्पालाच दिला. मशीन जिथं ऊस तोडतं तिथं ट्रॉल्या रानातून रस्त्यावर काढायच्या असतात. वळण आंधळं असतं, दोन्हीकडं ऊस. तिथं उभं राहून हात करायचा, एकाला थांबवायचं, दुसऱ्याला सोडायचं. गळ्यात शिट्टी. म्हणजे गेटवरची शिट्टी नाही, रानातली.

पौषातली गोष्ट. मी दुपारी भाकरी घेऊन गेले. आप्पा वळणावर उभा होता, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. आतून मशीनचा आवाज येत होता. तिकडं तो बघत नव्हता, पण मान थोडी तिकडं झुकलेली होती. मी आल्याचं त्यानं बघितलं नाही.

रानातून एक भरलेली ट्रॉली आली. ट्रॅक्टर जुना होता, आणि त्याचा पंप रडत होता. एवढा की मला पण कळलं. बारीक, नाकातून रडल्यासारखा आवाज. तेल वारं गिळत होतं. आज-उद्या तो पंप जाणार होता, एक क्लिप आवळली नाही म्हणून.

आप्पाला ते कळलं. त्याचं अंग ताठ झालं. त्यानं ड्रायव्हरला काहीतरी ओरडून सांगितलं, पण मशीनच्या आवाजात ते त्याच्या तोंडातच राहिलं. तेव्हा त्यानं उजवा हात वर केला. अंगठा, एक ताठ बोट, एक करंगळी, मधे मोकळी जागा. तो हात त्यानं पंपाकडं दाखवून हलवला, परत हलवला.

ड्रायव्हरनं बघितलं. मान डोलावली आणि गिअर टाकून ट्रॉली रस्त्यावर काढली. पंपाचा आवाज कालव्याच्या पुलाकडं गेला आणि बारीक होत गेला.

आप्पाचा हात वरच होता. मागं थांबलेला ट्रॅक्टर तो जायचा इशारा समजून निघाला.